कमान नको, एका पोराची फी भरा

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि शाळेच्या ग्रुपवर ॲडमिनने 'इथे वाद नको' म्हटलंय म्हणून इथे लिहितोय.

आपल्या शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत आणि होऊन गेलेल्या चार मुख्याध्यापकांच्या नावाने काहीतरी करायचं ठरलंय. ठरलंय ते चांगलंच आहे. पण काय ठरलंय ते बघा. गेटला दगडी कमान, त्यावर चार नावं. हॉलमध्ये चार मोठे फोटो, लाईट लावून. आणि दहावीत पहिल्या चार नंबरांना चौघांच्या नावाने अकराशे-अकराशे रुपयांची पाकिटं. कमानीचं एस्टिमेट साडेनऊ लाख. पाकिटांचं एकूण बजेट चार हजार चारशे. या दोन आकड्यांतच सगळं आलं. तरी विस्ताराने लिहितो, कारण समितीतले काही जण माझे बेंचवरचे मित्र आहेत आणि ते म्हणतील, याला काय, पत्रकार आहे, विरोध करणारच.

आधी पाकिटांचं बोलू. शाळेच्या ऑफिसबाहेर तो लाकडी बोर्ड आठवतोय? 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, गणितात प्रथम', 'कै. तमुक यांच्या स्मरणार्थ, इंग्रजीत प्रथम'. असे बोर्ड गावोगावच्या शाळांत आहेत. कोणीतरी १९९१ साली पाच हजार रुपये मुदत ठेवीत ठेवले. तेव्हा बँका अकरा-बारा टक्के देत होत्या, म्हणजे वर्षाला साडेपाचशे-सहाशे रुपये. तेव्हाच्या हिशोबाने बरी रक्कम होती, गरिबाच्या पोराचा युनिफॉर्म आणि पुस्तकं निघाली असती. आज त्याच पाच हजारांवर साडेसहा टक्क्यांनी सव्वातीनशे रुपये येतात. सव्वातीनशेत आज चांगला कंपास आणि दोन रजिस्टर वह्या येतात, मग संपलं. ठेव ठेवणारा गेला, ठेव तिथेच, नाव बोर्डावर, आणि बक्षीस दरवर्षी अशा मुलाला की ज्याच्या बापाच्या गाडीचं एका वेळचं पेट्रोल त्याहून जास्त असतं.

मार्क मिळवणाऱ्या मुलाचं कौतुक करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा, टाळ्या वाजवा, पेन द्या. पण पैसा ही टाळी नाही. पैसा ज्याला लागतो त्याला द्यायचा असतो. परदेशातल्या अशाच कॅथलिक मुलांच्या शाळांत याला दोन वेगळे शब्द आहेत. गुणांवर मिळते ती स्कॉलरशिप आणि घरची परिस्थिती बघून मिळते ती बर्सरी. सिडनीला रिव्हरव्ह्यू म्हणून जेझुइट फादरांची मुलांची शाळा आहे, १८८० सालची. फी ऐकाल तर झीट येईल अशी शाळा, श्रीमंतांचीच म्हणा ना. तरीही तिथे माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून बर्सऱ्या चालतात, आणि देताना मार्कलिस्टच्या आधी घरचं उत्पन्न बघतात. तिकडच्या अनेक शाळांत अशा बर्सरीला जुन्या हेडमास्तरांचं नाव देण्याची पद्धत आहे. आपण मराठीत दोन्हीला 'शिष्यवृत्ती' म्हणतो आणि त्या एका शब्दाआड पहिला नंबर सगळं घेऊन जातो.

आपली शाळा पण जेझुइटांची, म्हणजे येशुसंघाची. म्हणून थोडा इतिहास सांगतो. इग्नेशियस लोयोला यांनी संघाचे नियम लिहिले तेव्हा शिकवण्याचे पैसे घ्यायला बंदी होती. १५४८ साली सिसिलीतल्या मेसिना शहरात त्यांची पहिली मोठी शाळा उघडली, ती फुकट. १५५१ साली रोममध्ये उघडली, तिच्या दारावरच्या पाटीवर 'विनामूल्य' असं लिहिलेलं होतं. मग खर्च कसा चालायचा? राजे, सरदार, शहराच्या नगरपालिका आधी कायमचा निधी उभा करून द्यायच्या आणि मगच शाळा उघडायची. निधी नाही तर शाळा नाही. फी घ्यायला परवानगी मिळाली ती थेट १८३३ साली, तीही पोपची खास सूट घेऊन, कारण मधल्या काळात संघच बरखास्त झाला होता, जुने निधी गेले होते. मुंबईत वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ साली सुरू झाली ती अनाथ मुलांना घेऊन. पुण्याची सेंट व्हिन्सेंट १८६७ ची. ही सगळी मंडळी शाळा काढत होती तेव्हा 'फी भरू शकत नाही त्याचं काय' हा प्रश्न आधी यायचा, इमारत नंतर.

आणि एक. १९७३ साली स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात जेझुइट शाळांच्या युरोपातल्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन होतं. संघाचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो आरुपे भाषणाला उभे राहिले. समोर बडे लोक, उद्योगपती, अधिकारी. आरुपेंनी त्यांना विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी जगायला शिकवलं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही शिकवलं. शिक्षण घेऊन दुसऱ्यासाठी जगणारा माणूस तयार झाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. समोरची काही मंडळी चांगलीच दुखावली. आपल्या समितीने ते भाषण हुडकून वाचावं. कमानीवर कोरण्यासाठी एखादं वाक्य त्यात मिळेलच. पण ते कोरलं की कमान बांधता येणार नाही, ही अडचण आहे.

आता गावात या. कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. खासगी शाळांनी पहिल्या प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना द्यायच्या. पण २०१२ साली सुप्रीम कोर्टाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून सूट दिली आणि २०१४ च्या प्रमती निकालाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना कायद्याबाहेर काढलं. गेल्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालावर शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे जावा म्हटलं. ते प्रकरणही महाराष्ट्रातून गेलेलं. निकाल लागेल तेव्हा लागेल. माझं म्हणणं कायद्याचं नाहीच. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क घटनेच्या कलम ३० ने दिलाय आणि तो राहिला पाहिजे, हे मी याआधीही लिहिलंय आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्यात. पण आपल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत सरकारने पाठवलेलं एकही गरीब पोरगं येत नाही, येणारही नाही. म्हणजे दार उघडणं फक्त आपल्या हातात आहे. जबरदस्ती नाही म्हणून जबाबदारी नाही, असं थोडंच असतं?

आणि सरकारी योजनांवर कोणी बोट दाखवू नका. आठवीत घेतात ती एनएमएमएस परीक्षा आठवते? नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चांगली योजना. पण ती सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी, आपल्या इंग्रजी विभागाला ती लागूच नाही. अल्पसंख्याकांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ साली पहिली ते आठवीसाठी बंद केली. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या घरांना १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. आपल्या मिशनच्या मागच्या वस्तीत अशी किती घरं आहेत ते समितीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. चर्चला येणाऱ्याच घरातला मुलगा चर्चच्या शाळेची फी भरता येत नाही म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. जिल्हा परिषदेची शाळा वाईट असं मी म्हणत नाही, माझी मुलगी तिथेच शिकली. पण त्याला निवड नव्हती, मला होती.

खरी गळती नववीत होते. दहावीच्या निकालाची बातमी करताना मी दरवर्षी तुकडीवार पट बघतो. आठवीत असलेली चार-पाच मुलं दहावीच्या यादीत नसतात. शाळा म्हणते 'दाखला घेऊन गेले'. गेले कुठे? एक गॅरेजवर भेटला. एक मोंढ्यात हमालाबरोबर होता. एकाच्या आईने सांगितलं, दोन वर्षांची फी थकली, मुलगा वर्गात उभं राहायला लाजायला लागला, मग जाईनाच. कोणी त्याला काढलं नाही. शाळेने कधी कोणाला फीसाठी काढलं नाही हे खरंच आहे, ते मी मान्य करतो. पण थकबाकीची यादी वर्गात वाचली जाते. चौदा वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं.

आणि ज्यांच्या नावाने कमान बांधताय त्यांच्याबद्दल. चौघांपैकी दोघांच्या हाताखाली मी शिकलो. मोठे फादर (आपण सगळे त्यांना मोठे फादरच म्हणायचो) यांच्याकडे एक निळी डायरी असायची. त्यात काय असायचं हे मला शाळेत असताना माहीत नव्हतं. नंतर निवृत्त क्लार्क मामांनी सांगितलं. बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी फादर त्यांना एक यादी द्यायचे आणि म्हणायचे, यांची फी भरलेली आहे असं लिही. पैसे कुठून यायचे ते मामांनाही ठाऊक नव्हतं. यादीतली मुलं कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, असं विचारलं तर मामा म्हणाले, सगळी. त्या मुलांनाही कधी कळलं नाही. त्यातला एखादा आज समितीत असू शकतो. मीही असू शकतो. अशा माणसाचं स्मारक म्हणजे दगडी कमान?

आता हिशोब. साडेनऊ लाख रुपये ठेवीत ठेवा. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६१,७५० रुपये व्याज येतं. फी दरवर्षी वाढते, म्हणून वीस हजार परत मुद्दलात टाका, नाहीतर वीस वर्षांनी या निधीचंही लाकडी बोर्डावरच्या पाच हजारांसारखं होईल. उरले एकेचाळीस हजार सातशे पन्नास. फी तीस हजार धरली तर फी, युनिफॉर्म, पुस्तकं, रिक्षा असं सगळं धरून एका मुलाचं वर्ष निघतं. एका वेळी एक मुलगा. थोडा वाटतो? मग आपण तीन हजार माजी विद्यार्थी आहोत, हजार-हजार दिले तरी तीस लाख होतात. चार मुख्याध्यापक, चार मुलं. प्रत्येकाच्या नावाची एक जागा, नववी आणि दहावी, दोन वर्षं पूर्ण.

अटी लेखी असाव्यात. घरची परिस्थिती बघा, टक्केवारी बघू नका. नापास झाला तरी लगेच काढू नका. अर्ज मुलाकडून मागू नका, वर्गशिक्षकाने नाव सुचवायचं. स्टेजवर बोलवायचं नाही, पाकीट हातात देऊन फोटो काढायचा नाही. तसले फोटो मला रोज व्हॉट्सॲपवर येतात. मधला पोरगा नेहमी खाली बघत असतो आणि बाजूचे सहा जण कॅमेऱ्याकडे. पैसे थेट शाळेच्या खात्यात, पावती पालकाला. विषय संपला.

एक नाजूक मुद्दा आहे तोही उघड बोलू. मिशनच्या शाळेने गरीब हिंदू मुलाची फी भरली की उद्या कोणीतरी धर्मांतराची बोंब मारणार. मारू देत. त्यावर उपाय आहे. निधी मिशनचा नको, माजी विद्यार्थी संघाचा असावा. संघाची नोंदणी आहे, धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब जातो. निवड समितीत दोन माजी विद्यार्थी, एक शिक्षक, एक बाहेरचा. फॉर्मवर धर्म-जातीचा रकाना नको. दरवर्षी किती मुलं, किती पैसे, हे नोटीस बोर्डावर लावा, मुलांची नावं न लावता. मी माझ्या पेपरात छापतो. ज्याला शंका आहे त्याने येऊन वही बघावी. उलट तिकडून कोणी आवाज केला तर त्यांनाही सांगू, या, तुमच्या वस्तीतल्या मुलाचं नाव सुचवा.

'गरीब मुलं इंग्रजीत टिकत नाहीत' असं एका डॉक्टर मित्राने ग्रुपवर लिहिलं. त्याला एवढंच आठवण करून देतो की आपल्या बॅचला पाचवीत इंग्रजीत नापास झालेल्यांची यादी माझ्या अजून पाठ आहे. वरून दुसरं नाव कोणाचं होतं ते इथे लिहीत नाही.

रविवारी सकाळी अकराला शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे. अजेंड्यावर कमान तिसऱ्या नंबरला आहे. मी अध्यक्षांना फोन करून दुसऱ्या नंबरला पाच मिनिटं मागितली आहेत, त्यांनी 'बघू' म्हटलंय. ज्यांना पुण्या-मुंबईहून येता येत नाही त्यांनी खाली कमेंटमध्ये फक्त आपलं नाव, बॅच आणि 'कमान' किंवा 'फी' एवढंच लिहा. मी प्रिंट काढून घेऊन जाणार आहे.