थंडी आणि संप्रेरके



‘सरपटणाऱ्या प्राण्यांची शीतनिद्रा म्हणजे निव्वळ गारठणे, संप्रेरकांचा त्यात वाटा नाही’ हे गेल्या अंकातील लेखाचे विधान अर्धसत्य आहे. शरीराचे तापमान उतरले की चयापचय मंदावतो, एवढे खरे. परंतु दक्षिण अमेरिकेतील टेगू सरडा तापमान स्थिर ठेवलेल्या प्रयोगशाळेतही ऋतुमानानुसार खाणे थांबवून चयापचय घटवतो, आणि याचा उलगडा केवळ थंडीने होत नाही.

अवटू ग्रंथीतून स्रवणाऱ्या थायरॉक्सिनबाबतही लेखाची मांडणी एकांगी आहे. हे संप्रेरक सरड्यांचा ऑक्सिजन-वापर वाढवते, मात्र तो परिणाम शरीर सुमारे ३० अंश सेल्सिअसला उबदार असताना दिसतो, गारठलेल्या शरीरात नाही. म्हणून थंडीतील प्रयोगावरून संप्रेरक निष्प्रभ ठरवणे चुकीचे आहे.

सर्वांत ठळक पुरावा कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या लाल कडांच्या गार्टर सापांचा आहे. चुनखडीच्या विवरांत हिवाळा काढून ते हजारोंच्या संख्येने बाहेर येतात तेव्हा नरांमधील टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, अल्प असते, आणि वृषणे काढलेले नरदेखील मादीमागे लागतात. त्यांची ही वर्तणूक जागी करते ती दीर्घ थंडीनंतरची ऊब, पण संप्रेरकांचा वाटाही उरतोच: पिनियल ग्रंथी, जिच्यातून रात्रीचे संप्रेरक मेलाटोनिन स्रवते, ती काढल्यास अनेक नरांत ही वर्तणूक बिघडते. थंडी आणि संप्रेरके यांचे नाते असे गुंतलेले असताना एकाला वगळण्याचा आग्रह शास्त्राला धरून नाही.

पुढील अंकात दुरुस्ती प्रसिद्ध व्हावी.

— एक वाचक