शेतात रिसॉर्ट चालेल; पण हरीण पाळता येईल?

नांदगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात शेतीला जोडधंदा हवाच. कुटुंबाने मळ्यात झोके, हुरडा पार्टी, मुक्कामाच्या खोल्या सुरू केल्या, तर राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण पाठीशी आहे. नेरळच्या सगुणा बागेने ही वाट आधीच रुळवली आहे.

मात्र पाहुण्यांसाठी हरीण, मोर, अगदी रानातला पोपटही पिंजऱ्यात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. गाय, शेळी, कोंबडी दाखवायला हरकत नाही.

शेजारच्या येवल्यात ममदापूरच्या माळावर काळवीट मोकळे फिरतात. ते लांबूनच दाखवावेत. एका पिंजऱ्यापायी अख्खा व्यवसाय कोर्टकचेरीत अडकवणे कोणत्याच शेतकऱ्याला परवडणारे नाही.