परदेशात मुलांची शाळा निवडताय? फीच्या आधी 'बारावीनंतर कुठे?' हे ठरवा

निफाड तालुक्यातलं सायखेडा तसं ओळखलं जातं ते गोदाकाठ, पावसाळ्यातला पूर आणि कांद्याच्या लिलावासाठी. पण कांदा-द्राक्षाच्या या पट्ट्यातली इंजिनिअर झालेली पोरं आता फक्त पुणे-मुंबईत थांबत नाहीत. कुणी दुबईत आहे, कुणी मस्कतला, कुणी जर्मनीत, कुणी अमेरिकेत. मुलं लहान असेपर्यंत शाळेचा प्रश्न फारसा अवघड वाटत नाही. मुलगा किंवा मुलगी सातवी-आठवीत गेली की मात्र व्हिडिओ कॉलवर एकच विषय सुरू होतो, "शाळा कोणती घ्यायची? की नातवंडांना आता इकडंच आणायचं?"

त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. त्यामुळे अमेरिकेऐवजी आखात, जर्मनी, नेदरलँड्स किंवा थेट परतीचा विचार करणारे वाढले. देश बदलला की शाळा बदलते, आणि माध्यमिक टप्प्यावर बदललेली शाळा मुलाच्या पुढच्या प्रवेशाची गणितं बदलून टाकते.

बहुतेक पालक शाळा निवडताना फी, घरापासूनचं अंतर, इमारत आणि ओळखीच्यांचं मत बघतात. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण महाराष्ट्रात परतण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. बारावीनंतर मूल शिकणार कुठं?

आधी बोर्डांची ओळख करून घेऊ

परदेशातल्या भारतीय कुटुंबांसमोर साधारण चार पर्याय असतात.

पहिला, सीबीएसई. आखाती देशांत या शाळांचं मोठं जाळं आहे. दुबईतलं इंडियन हायस्कूल १९६१ पासून सुरू आहे. फी तुलनेनं कमी, अभ्यासक्रम भारतातलाच आणि शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे भारतात परतणं सोपं जातं.

दुसरा, केंब्रिज. यात नववी-दहावीच्या वयात आयजीसीएसई आणि पुढची दोन वर्षं ए-लेव्हल असते. विषय कमी, पण खोलात जाऊन शिकवतात.

तिसरा, आयबी. १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेली ही व्यवस्था. अकरावी-बारावीच्या डिप्लोमात सहा विषय, एक दीर्घ निबंध आणि समाजकार्य-खेळ-कला यांचा भाग असतो. एकूण ४५ गुण असतात आणि डिप्लोमा मिळायला किमान २४ लागतात. फी सहसा सगळ्यांत जास्त इथंच असते.

चौथा, त्या देशातली सरकारी शाळा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांनाही ती मोफत मिळते, फक्त घर कुठल्या भागात आहे त्यावर शाळा ठरते. जर्मनीतही मोफत आहे, पण तिथं शिक्षण जर्मन भाषेत असतं आणि बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागलं जातं. तेराव्या वर्षी तिथं पोहोचलेल्या मुलाला आधी भाषा शिकावी लागते.

शाळेच्या नावातल्या 'इंटरनॅशनल' या शब्दावर मात्र जाऊ नका. नाशिकच्या रस्त्यांवर हा शब्द असलेले कितीतरी बोर्ड दिसतात आणि त्यातल्या अनेक शाळा सीबीएसईच्या असतात. परदेशातही तेच. शाळेला मान्यता कुणाची, हे आयबी, केंब्रिज किंवा सीबीएसईच्या स्वतःच्या वेबसाइटवर तपासता येतं.

खरी मेख महाराष्ट्राच्या नियमात आहे

एक उदाहरण घेऊ. समजा, सायखेड्याचं एक कुटुंब दुबईत आहे. मुलगी आठवीत आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय. घरच्यांचा विचार असा की दहावी-बारावी तिकडं चांगल्या शाळेत करायची, नीट द्यायची आणि एमबीबीएसला महाराष्ट्रात यायचं.

ऐकायला बरोबर वाटतं. पण महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी फक्त अधिवास प्रमाणपत्र पुरत नाही. दहावी आणि बारावी, या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण असाव्या लागतात. बोर्ड कुठलंही चालतं, पण संस्था महाराष्ट्रातली हवी. बदलीच्या सरकारी नोकरीत असलेल्यांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत. परदेशात खासगी नोकरी करणाऱ्यांना त्यांचा उपयोग होत नाही.

हा नियम कागदावर राहत नाही. सीमा सुरक्षा दलातल्या एका कर्मचाऱ्याच्या मुलाचा एमबीबीएसचा प्रवेश याच मुद्द्यावर रद्द झाला होता. वडिलांच्या नोकरीमुळे त्याचं शिक्षण राज्याबाहेर झालं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२४ मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. पण तोपर्यंत त्याचा वेळ गेलाच.

मग दुबईतून बारावी केलेल्या मुलीकडं काय उरतं? सरकारी कॉलेजांमधला १५ टक्के अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठं आणि खासगी कॉलेजांमधला एनआरआय कोटा. अखिल भारतीय कोट्यात स्पर्धा देशभराची असते. एनआरआय कोट्यात फी कित्येक पट असते. शिवाय आरक्षणाचंही गणित बदलतं. अखिल भारतीय कोट्यात केंद्राची ओबीसी यादी लागू होते. मराठा समाजाला मिळालेलं राज्याचं एसईबीसी आरक्षण तिथं चालत नाही. निफाडसारख्या तालुक्यातल्या कुटुंबांसाठी हा फरक छोटा नाही.

म्हणजे महाराष्ट्रातल्या राज्य कोट्यातून डॉक्टर व्हायचं असेल, तर निर्णय बारावीत नाही, आठवीतच घ्यावा लागतो. दहावीनंतर परत येणंही उशिराचं ठरतं, कारण तेव्हा दहावी राज्याबाहेर झालेली असते.

इंजिनिअरिंगचं काय?

इथं नियम बराच सैल आहे. एमएचटी-सीईटीच्या प्रवेशात उमेदवारांचे अ, ब असे प्रकार असतात. दहावी-बारावी महाराष्ट्रातून नसली, तरी विद्यार्थी स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जण महाराष्ट्राचा अधिवासी असेल तर 'ब' प्रकारातून अर्ज करता येतो. त्यामुळे परदेशात राहणाऱ्या पालकांनी आपलं अधिवास प्रमाणपत्र गावाकडच्या कपाटात नीट जपून ठेवलेलं बरं.

एनआयटीसारख्या संस्थांसाठी 'डासा' ही वेगळी योजना आहे. त्यात आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी स्वतंत्र गट आहे आणि त्यांची फी भारतातल्या विद्यार्थ्यांइतकी असते. प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर होतो. जेईई मेन आणि नीट या दोन्ही परीक्षांची केंद्रं परदेशातही असतात. २०२४ मध्ये नीटसाठी परदेशात १४ शहरांत केंद्रं होती. हे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघणं हाच खात्रीचा मार्ग.

विषय आणि निकालाची तारीख, दोन्ही अडवू शकतात

नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हे तिन्ही विषय लागतात. सीबीएसईत ते सहज एकत्र घेता येतात. आयबीच्या सहा विषयांच्या नेहमीच्या रचनेत मात्र दोन विज्ञान विषय बसतात, तिसरा घ्यायचा तर वेगळी परवानगी लागते. २०२३ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राहिलेला विषय अतिरिक्त म्हणून देण्याची मुभा दिली आहे, पण त्यासाठी धावपळ वाढते. इंजिनिअरिंगवाल्यांना ही अडचण कमी येते, कारण त्यांचे दोन विज्ञान विषय आणि गणित या रचनेत बसतात.

दुसरी अडचण निकालाची. सीबीएसईचा निकाल मे महिन्यात लागतो, आयबीचा जुलैच्या सुरुवातीला. परदेशात मे-जूनमध्ये दिलेल्या केंब्रिज परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये येतो. भारतातल्या केंब्रिज शाळांना मार्चच्या परीक्षेची सोय आहे, परदेशातल्या शाळांना ती नाही. इकडं अकरावीचे ऑनलाइन प्रवेश, जे २०२५-२६ पासून राज्यभर एकाच पद्धतीनं होतात, तोवर बरेच पुढं गेलेले असतात. आयजीसीएसई करून अकरावीला नाशिकला यायचं असेल, तर शाळेला हा प्रश्न नववीतच विचारायला हवा.

शाळा बदलायची तर कधी?

नववी-दहावी हा जवळपास सगळ्याच बोर्डांत दोन वर्षांचा सलग टप्पा असतो. अकरावी-बारावीचंही तसंच. सीबीएसई साधारणपणे दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश देत नाही, पालकांची बदली झाली असेल तर अपवाद होतो. म्हणून शाळा किंवा देश बदलण्याच्या सोयीच्या वेळा दोनच आहेत: आठवीनंतर आणि दहावीनंतर. नोकरी बदलण्याची तारीख आपल्या हातात असेल, तर ती या वेळांशी जुळवून घ्या.

भाषेचाही विचार करावा लागतो. अमिरातीत बिगर-अरब मुलांनाही नववीपर्यंत अरबी शिकावी लागते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. बाहेर हिंदी, फ्रेंच आणि अरबी शिकलेलं मूल नववीत नाशिकला आलं, तर त्याच्यासमोर मराठीचा पेपर असतो. परत यायचं ठरलं असेल, तर आजी-आजोबांशी रोज मराठीत बोलणं आणि आठवड्यातून दोनदा मराठी लिहिणं आधीच सुरू केलेलं चांगलं.

आणि भारतात परतायचंच नसेल तर?

मग गणित उलटं होतं. जर्मनीच्या विद्यापीठांत नुसत्या सीबीएसई बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. भारतात एक वर्ष पदवीचं शिक्षण, जेईई ॲडव्हान्स्डमधलं यश किंवा जर्मनीतला तयारीचा कोर्स यांपैकी काहीतरी लागतं. योग्य विषय घेऊन केलेल्या आयबीला तिथं जास्त सोपी वाट आहे. ब्रिटनमध्ये ए-लेव्हल ही तिथलीच परीक्षा. अमेरिकेत एच-फोर व्हिसावरचं मूल २१ वर्षांचं झालं की अवलंबित राहत नाही, म्हणजे कॉलेजच्या मधेच व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. शाळा मोफत असली तरी ही तारीख आधीपासून डोळ्यांसमोर हवी.

नव्या गोष्टीच्या मागं धावतानाही जरा जपून. सीबीएसईनं २०१० मध्ये परदेशातल्या शाळांसाठी 'सीबीएसई-आय' हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि २०१७ मध्ये तो बंद केला. मधल्या मुलांना पुन्हा जुन्या अभ्यासक्रमाकडं वळावं लागलं. नवा अभ्यासक्रम आकर्षक वाटला, तरी त्यातून बारावी झालेली बॅच कुठं गेली, हे बघितल्याशिवाय उडी मारू नये.

फी भरण्याआधी शाळेला काय विचाराल?

- मागच्या तीन वर्षांत बारावीनंतर मुलं कुठं गेली? भारतात किती, बाहेर किती?
- मुलाला हवे ते विषय एकत्र मिळतील का, हे लेखी द्याल का?
- निकाल कधी लागतो? भारतातल्या प्रवेशासाठी अंदाजित गुण किंवा लवकरची कागदपत्रं मिळतात का?
- वर्ष मधेच सोडावं लागलं तर फी परत मिळते का? टीसी किती दिवसांत मिळते आणि साक्षांकन कोण करून देतं?
- फी दरवर्षी किती वाढते? दुबईत खासगी शाळांची फीवाढ सरकारी निर्देशांकाशी बांधलेली आहे, २०२५-२६ साठी तो २.३५ टक्के होता. सगळीकडं असं बंधन नसतं.
- सरकारी तपासणीचा अहवाल कुठल्या वर्षीचा आहे? दुबईत 'उत्कृष्ट'पासून 'अतिकमकुवत'पर्यंत श्रेणी दिल्या जातात, पण जुनी श्रेणी आजच्या शाळेबद्दल फार सांगत नाही.

हे प्रश्न विचारल्यावर कदाचित महागडी शाळा सोडून साधी सीबीएसई योग्य वाटेल, कदाचित उलटं होईल. काही कुटुंबं मुलीला आठवीनंतर नाशिकला आजी-आजोबांकडं ठेवायचं ठरवतील. त्याचीही किंमत असते. चौदाव्या वर्षी आई-वडिलांपासून दूर राहणं आणि सत्तरीतल्या आजोबांवर क्लासच्या चकरा टाकणं, हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं. म्हणून ज्या मुलासाठी हे सगळं चाललंय, त्यालाही या चर्चेत बसवा. आठवीतलं मूल 'मला काय व्हायचंय' हे नक्की सांगू शकणार नाही. पण कुठं राहून शिकायला आवडेल, हे ते सांगू शकतं.