हमी केवळ नागरिकांपुरती नाही

अमेरिकी राज्यघटनेतील योग्य कायदेशीर प्रक्रियेची हमी फक्त नागरिकांना आहे, हे मागील अंकातील पत्रातले विधान टिकत नाही. १७९१ची पाचवी घटनादुरुस्ती केंद्राला आणि १८६८ची चौदावी राज्यांना बांधते. संरक्षण मात्र दोन्हींत प्रत्येक व्यक्तीला आहे. १८९६च्या वाँग विंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा राहणाऱ्या चिनी रहिवाशांना खटला न चालवता सक्तमजुरीला पाठवणे घटनाबाह्य ठरवले. हद्दपारी त्याच निकालात वैध राहिली. पत्रलेखकाचा गोंधळ बहुधा इथलाच. हद्दपारीपूर्वीही म्हणणे मांडण्याची संधी हवी, हे १९०३च्या यामाताया निकालाने मानले (खुद्द यामाताया मात्र खटला हरल्या). सीमेवर प्रथमच प्रवेश मागणाऱ्याच्या वाट्याला यातले फारच थोडे येते.