मान मोडून घेताय? जरा थांबा!

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वस्ती आहे. दिवसभर खाली मान घालून काम केले की संध्याकाळी मान आखडते, कंबर धरते. अशा वेळी पुष्कळ जण केस कापता कापता न्हाव्याकडून मानही मोडून घेतात. महाराष्ट्रात तर कंबरेत चमक भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची जुनी रीत आहे.

‘कट्’ असा आवाज आला की हाड जागेवर बसले, असे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब कमी होऊन वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली बोटाच्या सांध्यात ही पोकळी तयार होताना एमआरआयवर पाहिली.

मग मोकळे का वाटते? ताठरलेले स्नायू सैलावतात, दुखणे कमी जाणवते आणि मान थोडी जास्त वळते. मात्र हा लवचिकपणा बहुधा थोडाच वेळ टिकतो. प्रशिक्षित तज्ज्ञाने मणक्यांवर हाताने उपचार केल्यास नव्या कंबरदुखीत काहीसा आराम मिळतो, पण तोही माफकच.

मानेचे प्रकरण अधिक नाजूक. २०१७ साली दिल्ली परिसरातील ५४ वर्षांच्या एका गृहस्थांची मान न्हाव्याने मोडली. पुढे त्यांना श्वास घेणे कठीण झाले. श्वासपटलाकडे जाणाऱ्या नसांना इजा झाल्याचे डॉक्टरांना आढळले. क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होऊ शकतो.

म्हणून हे लक्षात ठेवा :

* मानेला कुणालाही झटका देऊ देऊ नका. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी तर मुळीच नाही.
* हातापायांत मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, पडल्यावर दुखू लागले असेल किंवा सोबत ताप असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेला तर लगेच रुग्णालय गाठा.
* अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठा. खांदे फिरवा, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवा.
* फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि ते रोज करा.

झटक्याने आलेला मोकळेपणा घटकाभराचा. रोजच्या दहा मिनिटांच्या व्यायामाने येतो तोच टिकतो.