रक्त थांबले, तरी घाई नको

अल्सरमधून रक्तस्राव झालेल्या रुग्णावर आता बहुतेक वेळा दुर्बिणीतून उपचार होतात. रक्तवाहिनीभोवती ॲड्रेनालिनचे इंजेक्शन देऊन ती उष्णतेने किंवा क्लिपने बंद केली जाते. दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसतो आणि नातेवाईक विचारतात, ‘आता घरी न्यायचे का?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पण घाई जिवावर बेतू शकते.

दुर्बिणीने रक्तवाहिनीचे तोंड बंद होते, जखम भरत नाही. तिथे धरलेली रक्ताची गुठळी जठरातल्या आम्लामुळे विरघळू शकते. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणूनच वाहती किंवा उघडी रक्तवाहिनी दिसलेल्या रुग्णाला आम्ल रोखणारे औषध मोठ्या मात्रेत ७२ तास देतात. हाँगकाँगमधील २४० रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दुर्बिणीच्या उपचारानंतर शिरेतून ओमेप्राझोल मिळालेल्यांपैकी ६.७ टक्के रुग्णांना महिनाभरात पुन्हा रक्तस्राव झाला. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण २२.५ टक्के होते. व्रणाचा तळ स्वच्छ असेल तर रुग्ण लवकर घरी जाऊ शकतो. मात्र तो निर्णय दुर्बिणीत काय दिसले यावर व्हावा, खाटांच्या टंचाईवर किंवा घरच्यांच्या आग्रहावर नव्हे.

घरी गेल्यावरचा धोका वेगळा. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी राहून जाते. गुडघेदुखीची गोळी दुकानातून पुन्हा आणली जाते. याउलट, हृदयविकारासाठी चालू असलेली ॲस्पिरिन रुग्ण भीतीने कायमची सोडतो, तेही घातक. ती कधी सुरू करायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

यात दोष एकट्या रुग्णाचा नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘अल्सर, उपचार केला’ एवढेच इंग्रजीत लिहिले असेल, तर त्याला कळणार काय? जंतूची तपासणी झाली का, कोणत्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या आणि ॲस्पिरिनचे काय करायचे, या तीन ओळी कार्डावर मराठीत असल्याच पाहिजेत. त्याला खर्च येत नाही.

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी, चक्कर किंवा दरदरून घाम, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता दुर्बिणीची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पुन्हा सुरू झालेला रक्तस्रावही बहुतेकदा दुर्बिणीनेच थांबवता येतो. रुग्ण वेळेत पोहोचला तर.