एकाच नावाचे यहूदा

पवित्र शास्त्रात एकच नाव निरनिराळ्या माणसांना लाभलेले आढळते आणि वाचक गोंधळून जातो. जोयडा तालुक्यातील गुंदसारख्या गावात एका नावाचे दोघे असले म्हणजे आपण बापाचे, घराचे किंवा मूळ गावाचे नाव जोडून त्यांची ओळख पटवितो. शुभवर्तमानकारांनीही तेच केले. बारा प्रेषितांत यहूदा नावाचे दोघे होते. संत लूक एकाला याकोबाचा यहूदा म्हणतो व दुसऱ्याला इस्कर्योत. इस्कर्योत म्हणजे करियोथ गावचा, असे अनेक पंडित मानतात. आपल्याकडील ‘कर’ लावलेल्या आडनावासारखेच ते झाले. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूला प्रश्न विचारणारा यहूदा हा इस्कर्योत नव्हे, अशी नोंद संत योहानाने मुद्दाम केली आहे.

इंग्रजीत एकाला ज्यूड व दुसऱ्याला जूडास म्हणतात. त्यामुळे ही दोन वेगळी नावे वाटतात. हिब्रू भाषेत मात्र नाव एकच, येहूदा. आपल्या मराठी बायबलातही ते एकच राहिले आहे. यहूदा तद्दय ह्याच्याकडे भाविक फार काळ वळले नाहीत, ह्याचे कारण हे नामसादृश्यच होय, असे सांगतात. आज तोच संत निराश झालेल्यांचा कैवारी मानला जातो व २८ ऑक्टोबरला त्याचा सण होतो.

हे नाव मुळात मोठे मंगल आहे. याकोबाची नावडती पत्नी लेआ हिला चौथा पुत्र झाला, तेव्हा तिने परमेश्वराची स्तुती केली व त्या स्तुतीवरूनच बाळाचे नाव यहूदा ठेवले. पुढे इ. स. पूर्व १६४ मध्ये यहूदा मक्काबी ह्या वीराने भ्रष्ट झालेले यरुशलेमचे मंदिर शुद्ध करून पुन्हा देवाला अर्पिले. रणात पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापक्षमेसाठी यज्ञ व्हावा म्हणून त्यानेच वर्गणी गोळा करून पाठविली. मृतांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, तेव्हा ह्या यहूदाचे स्मरण ठेवावे.

परंतु सर्वांत विचार करण्याजोगी जोडी आहे ती पहिल्या यहूदाची व इस्कर्योताची. लेआच्या ह्या मुलानेच आपला भाऊ योसेफ ह्याला विकून टाकण्याची मसलत दिली आणि वीस रुप्यांना सौदा झाला. इस्कर्योताने आपल्या गुरूला तीस रुप्यांना विकले. नाव तेच, पापही जवळजवळ तेच. पुढे मात्र दोघांच्या वाटा फुटतात.

दुष्काळात धान्य आणावयास मिसरात गेलेल्या भावांपैकी धाकटा बन्यामीन संकटात सापडला. तेव्हा हाच यहूदा पुढे झाला व ‘त्याच्याऐवजी मला गुलाम करून ठेवा’ अशी विनवणी त्याने केली. ज्याने एका भावाला विकले, त्याने दुसऱ्यासाठी स्वतःला देऊ केले! त्याच्याच वंशात प्रभू येशूने जन्म घेतला. इस्कर्योतालाही पश्चात्ताप झाला. त्याने रुपये परत केले. पण तो गेला याजकांकडे, प्रभूकडे वळला नाही. आणि निराशेने त्याने स्वतःचा घात केला.

वाचकहो, आपल्या गावांतही भाऊ भावाला विकतो. कधी शेताच्या बांधासाठी, कधी घराच्या वाटणीसाठी, कधी कागदावरील एका अंगठ्यासाठी. मग वर्षानुवर्षे बोलणे बंद होते आणि अपराधी माणूस मनाशी म्हणतो, आता काय तोंड दाखवायचे? अशा माणसाने दोन्ही यहूदा डोळ्यांसमोर आणावेत. पाप कितीही जुने असो, भावाच्या दारी परतण्याची वाट बंद झालेली नसते.

बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप आपल्याला संताचे नाव देतात. ते नाव पुढे कोणत्या यहूदासारखे वाहावयाचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.